रक्ताच्या नमुन्यांचा प्रवास : हमद टाउन ते नवगाव

वर्धापनदिनाची स्मरणिका हाती आली की वाचक प्रथम इतिहासाचे पान उघडतो. त्या पानावर काय असते हे आपणां सर्वांना पाठ आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले तेली पूर्वज, दावीद राहाबी आणि १७९६ साली मुंबईत पहिले प्रार्थनालय उभारणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर. हा इतिहास पुन्हा पुन्हा सांगितलाच पाहिजे. परंतु यंदा आम्ही आपल्या इतिहासाचे असे एक पान उघडणार आहोत, जे स्मरणिकांतून सहसा येत नाही. ते कागदावर लिहिलेले नाही. ते काचेच्या नळ्यांत आणि प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत आहे, आणि त्याची नक्कल आता जगातील अनेक विद्यापीठांच्या संगणकांत आहे.

आपल्या समाजातील काही मंडळींनी मुंबईत, कोकणात आणि इस्राएलात संशोधनासाठी आपले रक्त किंवा गालाच्या आतील पेशी दिल्या. त्यांपैकी कित्येक आज हयात नसतील. त्यांनी दिलेल्या नमुन्यांचे पुढे काय झाले, ते कोणकोणत्या संस्थांत गेले, त्यातून आपल्याला काय कळले आणि आपल्या नातवंडांच्या हाती काय लागले, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

हमद टाउनची हाडे

आरंभ आपल्या कोकणापासून न करता आखातापासून करू. आपल्या ओळखीपाळखीत आखातात नोकरी केलेला एखादा तरी असतोच. बहारीन बेटावर हमद टाउन नावाचे शहर आहे. १९८०च्या दशकात सरकारने घरे बांधून ते वसविले. तेथे पत्ता सांगायचा तो रस्त्यावरील गोल चौकाचा क्रमांक सांगून. शहर नवे, पण जमीन फार जुनी. याच शहराच्या आसपास चार हजार वर्षांपूर्वीच्या दिलमून संस्कृतीची थडगी टेकड्यांसारखी पसरलेली आहेत. २०१९ साली युनेस्कोने दिलमूनच्या थडग्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात हमद टाउनमधील थडग्यांचाही समावेश आहे.

दिलमूननंतर पुष्कळ काळाने ग्रीक लोक या बेटाला टायलोस म्हणू लागले. त्या टायलोस काळातील, म्हणजे इस्लामपूर्व शतकांतील, चार माणसांच्या अवशेषांतून लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठातील रुई मार्टिनियानो आणि निरनिराळ्या देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांचा संपूर्ण आराखडा मिळविला व २०२४ साली तो प्रसिद्ध केला. त्यांतील काही अवशेष हमद टाउनच्या दफनभूमीतले आहेत. अरबस्तानच्या उष्ण हवेत जुन्या हाडांतील जनुके टिकत नाहीत, म्हणून हे काम विशेष मानले गेले.

चार माणसांची हाडे एकटी काही बोलत नाहीत. ती बोलली, कारण त्यांची तुलना इतर संशोधकांनी आधीच खुल्या करून ठेवलेल्या माहितीशी करता आली. तुर्कस्तान, शाम, इराण आणि कॉकेशस या प्रदेशांतील प्राचीन माणसांशी त्यांचे नाते त्यामुळेच दिसले. आणखी एक गोष्ट दिसली. चौघांपैकी तिघांत 'जी सिक्स पी डी' या जनुकातील एक बदल होता. हा बदल हिवतापापासून काहीसे संरक्षण देतो, पण ज्याच्यात तो असतो त्याला बाकला नावाच्या शेंगेचे दाणे किंवा हिवतापावरील काही औषधे घेतल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. हाच दोष कुर्दी ज्यू पुरुषांत अर्ध्याहून अधिक जणांत आढळतो, हे इस्राएलातील डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणजे हमद टाउनच्या थडग्यातील हाड आणि आजच्या इस्पितळातील रुग्ण एकाच धाग्याने जोडले गेले.

परंतु एक फरक आहे, आणि आमचा सारा लेख त्या फरकावर उभा आहे. थडग्यातल्या माणसाला कोणी विचारू शकत नव्हते. आपल्याला विचारता येते, आणि आपल्याला उत्तर देता येते.

परळहून लंडनला

नमुना एका शहरात घ्यायचा आणि त्याचा अर्थ दुसऱ्या शहरात लावायचा, ही गोष्ट मुंबईला नवी नाही. १९५२ साली परळच्या के. ई. एम. इस्पितळातील व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांना तीन माणसांचे रक्त असे आढळले, की ते नेहमीच्या तपासणीत 'ओ' गटाचे वाटे, पण 'ओ' गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स या तज्ज्ञांच्या सहकार्याने हा शोध 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला. आज जगभर हा गट 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. अशा माणसाला त्याच गटाचे रक्त लागते, म्हणून त्याच्या दात्यांच्या याद्या रक्तपेढ्यांना एकमेकींना द्याव्या लागतात. मुंबईकरांच्या तीन नमुन्यांतून साऱ्या जगातील रुग्णांचे प्राण वाचविणारे ज्ञान निघाले. ते एका इस्पितळाने कपाटात बंद करून ठेवले असते तर निघाले नसते.

पुरावा मागणारे

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या समाजाकडून वंशाचा पुरावा मागण्याची गोष्ट जनुकशास्त्रापेक्षा जुनी आहे. हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो तेल अवीव येथे १९३७ साली छापला गेला. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. शब्बाथ, सुंता, शेमा, खवले व पर असलेलीच मासळी खाण्याची रीत, हेच त्यांचे पुरावे.

इस्राएलात आल्यानंतर मात्र ते पुरेसे मानले गेले नाहीत. १९६२ साली मुख्य रब्बी यित्झाक निसिम यांच्या कारकिर्दीत विवाह नोंदणाऱ्यांना सूचना गेल्या, की बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आजीची व त्यापुढील पिढ्यांची शक्य तितकी मागपर्यंत चौकशी करावी. नांगर आणि फावडे हाती धरून हा देश उभारणाऱ्या आपल्या माणसांना मुलामुलींच्या लग्नासाठी आजीच्या आईचा दाखला मागितला गेला. ज्यांनी तो अपमान भोगला ते वडीलधारे या ओळी वाचत असतील, त्यांना आम्ही वेगळे काय सांगावे! १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आपल्या लोकांनी धरणे धरले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने व क्नेसेतने बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असे जाहीर केले आणि सूचनांतून आपल्या समाजाचे नाव वगळले गेले.

ही जखम लक्षात ठेवूनच पुढील भाग वाचावा. कारण तीस-चाळीस वर्षांनी जेव्हा संशोधक नळ्या घेऊन आले, तेव्हा नमुना देणाऱ्यांच्या मनात आजाराचा नव्हे, तर 'आता तरी सिद्ध होईल' हाच विचार असणे स्वाभाविक होते.

पुरावा शोधणारे

१९९०च्या दशकात तेल अवीव विद्यापीठात इस्राएलातील निरनिराळ्या समाजांच्या जनुकांची राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. निरोगी माणसांकडून रक्त घेऊन त्यांतील पेशी तेथे वाढवून जतन केल्या जातात. दात्याचे नाव काढून टाकून, फक्त तो कोणत्या समाजाचा एवढे सांगून, त्या पेशी वा त्यांतील जनुकद्रव्य इतर संशोधकांना दिले जाते. यालाच आपण नमुनापेढी म्हणू. रक्तपेढीतील बाटली एका रुग्णाला चढते आणि संपते. नमुनापेढीतील पेशी वाढत राहतात आणि दाता गेल्यावरही शेकडो प्रश्नांची उत्तरे देत राहतात.

लंडन विद्यापीठातील प्राध्यापक ट्यूडर पार्फिट व त्यांचे सहकारी यांनी भारतातील आपल्या समाजाकडून नमुने घेतले. २००२ साली त्यांची बातमी वर्तमानपत्रांत झळकली, तेव्हा मुंबईत व इस्राएलात आनंदाची लाट आली. पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या 'वाय' गुणसूत्रावर मध्यपूर्वेशी नाते सांगणाऱ्या खुणा आपल्या पुरुषांत सापडल्या होत्या. या बातमीचा आपल्या समाजावर काय परिणाम झाला याचाच अभ्यास करून पार्फिट आणि युलिया एगोरोव्हा यांनी २००६ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. शास्त्रज्ञाने एक वाक्य बोलावे, वर्तमानपत्राने त्याचे दुसरे करावे आणि समाजाने तिसरे ऐकावे, असे घडू शकते हे त्यातून ध्यानात येते.

२०१० साली डोरोन बेहार व सहकाऱ्यांनी 'नेचर' या पत्रात चौदा ज्यू समाजांतील १२१ व्यक्तींचा अभ्यास मांडला. त्यात बेने इस्राएल आणि कोचीनचे ज्यू हे संपूर्ण जनुकसंचाचा विचार करता भारतीय शेजाऱ्यांजवळ दिसले, मात्र बेने इस्राएलांचा पित्याच्या बाजूने शामदेशाशी असलेला संबंध स्पष्ट होता. पुष्कळांना हा निष्कर्ष खटकला.

मग २०१६ साली येदाएल वॉल्डमन, अॅलन कायनन आदींचा अभ्यास आला. त्यात आपल्या समाजातील अवघ्या १८ व्यक्तींचे नमुने होते. परंतु त्यांच्या शेजारी इतर ४१ ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समाजांतील ४८६ व्यक्तींची माहिती ठेवण्यात आली. त्यातून जे दिसले ते आधी दिसले नव्हते. बेने इस्राएल भारतीय शेजाऱ्यांसारखे आहेत, तरीही भारतात ते वेगळे उठून दिसतात. तपासलेल्या भारतीय व पाकिस्तानी समाजांत इतर ज्यूंशी भरीव नाते सांगणारा समाज फक्त आपला. ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वाटा मोठा आहे. त्यांचे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे, म्हणजे गेल्या सुमारे हजार वर्षांतले. ज्यू वाटा अधिककरून पुरुषांकडून आणि स्थानिक वाटा अधिककरून स्त्रियांकडून आला. त्यानंतर समाज फार लहान झाला आणि आपसातच सोयरिकी करीत राहिला.

१८ व्यक्ती म्हणजे एखाद्या शब्बाथच्या सकाळी सेफेर तोरा बाहेर काढताना उभी असतील तेवढी माणसे. एवढ्यांच्या रक्तातून हे कळले, कारण निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या नोंदी एकमेकींना वापरू दिल्या.

आजींचा प्रश्न

येथे क्षणभर थांबले पाहिजे. मिश्रण हजार वर्षांतले आहे याचा अर्थ आपले पूर्वज हजार वर्षांपूर्वीच आले असा नव्हे. दोन समाजांच्या सोयरिकी केव्हा झाल्या एवढेच जनुके सांगतात. गलबत केव्हा फुटले ते सांगत नाहीत.

दुसरे असे, की स्थानिक स्त्रियांचा वाटा मोठा होता हे वाचून १९६२च्या आठवणी असलेल्या वाचकाच्या काळजात धस्स होईल. आम्ही ते लपविणार नाही. परंतु हेही सांगावे लागेल, की २०१३ साली युरोपातील अश्केनाझी ज्यूंच्या मातृवंशाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही बहुतेक मातृवंश युरोपातच उगम पावलेले असल्याचे मांडले गेले. दूरदेशी पोचलेल्या पुरुषांनी तेथील लेकी घरात आणल्या, आणि त्या लेकींनी शब्बाथचे दिवे लावले. आपल्या आज्या-पणज्यांनी कोकणात मलिदा केला, एलियाहू हन्नबीचे नाव घेतले, मुलांना शेमा शिकविला. ज्यूपण ठरते ते धर्मशास्त्राने आणि आचाराने. ते नळीतून मोजता येत नाही, आणि कोणी मोजू लागला तर आपण त्यास नकार द्यावा. नमुना देण्याचे कारण वंशाचा दाखला हे नसावेच.

मग कारण कोणते?

कारण नातवंडांचे आरोग्य. २०१६च्या अभ्यासाने आपल्या समाजाला एक इशाराही दिला. लहान समाज पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्ने करतो, तेव्हा एकाच पूर्वजाकडून आलेला सुप्त दोष आईकडूनही आणि वडिलांकडूनही मुलाकडे येऊ शकतो. आईवडील दोघेही धडधाकट असतात, पण मूल आजारी होते.

याचे उदाहरण आधीच पुढे आले होते. मुलाची बुबुळे सतत हलतात, नजर अधू असते, चष्म्याने सुधारत नाही, आणि तपासल्यावर डोळ्याच्या पडद्यावरील मध्यबिंदू नीट घडलेला नसतो, असा एक जन्मजात विकार आहे. बेर शेवा येथील बेन गुरियन विद्यापीठातील संशोधकांनी मुंबईहून आलेल्या ज्यू कुटुंबांत त्यामागील जनुकीय बदल शोधून २०१४ साली प्रसिद्ध केला. त्याच सुमारास इंग्लंडमधील लीड्सच्या संशोधकांनी दुसऱ्या कुटुंबांत त्याच जनुकातील दोष दाखविला होता. दोन देशांत, दोन निरनिराळ्या रक्तांत, एकाच जनुकाकडे बोट दाखविले गेले, तेव्हाच खात्री पटली. दिमोना, येरुहाम, बेर शेवा येथील आपल्या घरांत असे एखादे मूल असेल, तर आईबापांनी वर्षानुवर्षे डॉक्टर बदलत फिरण्याऐवजी आता कोणत्या तपासणीची मागणी करावी हे ठाऊक आहे.

इतर समाजांनी या वाटेने पुष्कळ मिळविले आहे. टे-सॅक्स या प्राणघातक बालरोगासाठी अमेरिकेतील ज्यूंत १९७१पासून तपासणी सुरू झाली. स्वतःची मुले या रोगाने गमावलेल्या रब्बी योसेफ एक्स्टाइन यांनी १९८३ साली 'दोर येशारिम' ही संस्था काढली. मुलामुलींना अहवाल न देता, केवळ जोडी जुळते की नाही एवढेच सांगण्याची युक्ती त्यांनी योजिली, त्यामुळे कोणाच्या घराण्याला बट्टा लागत नाही. टे-सॅक्सने जन्मणाऱ्या बालकांची संख्या त्या समाजांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. बहारीनमध्येही २००४च्या कायद्याने लग्नापूर्वी रक्ततपासणी आवश्यक झाली, कारण तेथे सिकल सेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक रोग मोठ्या प्रमाणात आहेत. हमद टाउनमधील तरुण जोडप्याला आज निकाल सांगितला जातो. लग्न करावे की नाही याचा निर्णय त्यांचाच असतो.

देण्यापूर्वी विचारावे

म्हणून आमचे मत असे, की नमुने द्यावेत आणि त्यांची माहिती संस्थांनी एकमेकींना द्यावी. परंतु डोळे मिटून नव्हे.

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात हवासुपाई नावाचा एक छोटा आदिवासी समाज आहे. १९९०च्या सुमारास त्यांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी तेथील राज्य विद्यापीठाला रक्त दिले. तेच रक्त पुढे मानसिक आजारांच्या आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरले गेले, जे त्यांच्या श्रद्धेला धक्का देणारे होते. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० साली विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन समेट केला आणि उरलेले नमुने परत केले. आजारासाठी दिलेले रक्त वंशाच्या प्रश्नासाठी वापरले तर काय होते, हे आपल्यापेक्षा अधिक कोणाला कळेल?

आपल्यासारख्या समाजाची आणखी एक अडचण आहे. मोठ्या समाजात नाव पुसले की माणूस लपतो. आपल्यात तसे होत नाही. आडनावाच्या शेवटी 'कर' असले की गाव कळते. गाव, जन्मसाल आणि इस्राएलातील शहर एवढे लिहिले तरी आपली कोणतीही मावशी ते कोण हे चटकन सांगेल! म्हणून केवळ 'नाव काढले आहे' या उत्तरावर समाधान मानू नये.

कायदा आज आपल्या बाजूने आहे. इस्राएलात २०००च्या जनुकीय माहिती कायद्याने विमा कंपनी व नोकरी देणारा अशी माहिती मागू शकत नाही. भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७च्या नियमांत नमुनापेढ्यांसाठी स्वतंत्र भाग दिला आहे. भारतात १०,००० व्यक्तींचे जनुकीय आराखडे तयार करून जानेवारी २०२५मध्ये ते संशोधकांसाठी उपलब्ध करण्यात आले. असे मोठे संग्रह होत असताना लहान समाज त्यात नसला, तर त्याचे आजार कोणाच्या लक्षातच येणार नाहीत. दूर राहण्याचीही किंमत असते.

तेव्हा कोणी संशोधक दारी आला तर त्याला चहा द्यावा आणि चार प्रश्न विचारावेत. हा नमुना कशासाठी आणि दुसऱ्या कामासाठी वापरायचा झाल्यास आम्हांला पुन्हा विचारणार काय? तो कोणकोणत्या संस्थांकडे जाणार आणि सोबत आमच्याविषयी काय काय लिहून जाणार? मन बदलले तर मागे घेता येईल काय? कारण जी माहिती एकदा दूरवर वाटली गेली ती पूर्णपणे परत येत नाही, हे समजून घेतले पाहिजे. आणि चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : जे कळेल ते आम्हांला आमच्या भाषेत कोण सांगणार? संमतिपत्र इंग्रजीत किंवा अवघड हिब्रूत असेल, तर ते मराठीत वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. न समजता केलेली सही ही संमती नव्हे.

संशोधकांकडून मागण्यासारखे आहे तसे आपल्याकडून देण्यासारखेही काही आहे. आजोळ कोणते, कोणाच्या घरात कोणता आजार होता, कोणते मूल लहानपणी गेले, हे आपल्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. ते नातवंडांना सांगून ठेवावे, त्यांच्याकडून लिहवून घ्यावे. पूर्वी घरातील असा आजार सोयरिकीच्या भीतीने लपविला जाई. आज तो लपविणे म्हणजे पुढील मुलाला अंधारात ढकलणे होय.

आपल्या समाजाने वैद्यकाला डॉ. अब्राहाम एरुलकर आणि डॉ. जेरुशा जिराड यांच्यासारखी रत्ने दिली. आता रुग्ण म्हणून, दाता म्हणून आणि सुज्ञ समाज म्हणून द्यायचे आहे. १९६२ साली आपल्याकडे आजीचा दाखला मागितला गेला आणि आपण मान ताठ ठेवली. उद्या आजीच्या रक्ताचा थेंब मागितला जाईल, तेव्हाही मान ताठच ठेवू. नातवाच्या डोळ्यांसाठी तो आनंदाने देऊ. आपण कोण हे ठरविण्यासाठी मात्र देणार नाही, कारण ते नवगावच्या किनाऱ्यावर ज्यांनी शेमा म्हटला त्यांनी केव्हाच ठरविले आहे.

सर्व समाजबांधवांना वर्धापनदिनाच्या शुभेच्छा. शालोम.